न उतरवलेलं सोंग

जिवल्या भोयेला एखादं काम सरळ करता आलं असतं, तर तो आतापर्यंत सुपरवायझर झाला असता. पण खोडी काढल्याशिवाय त्याला चहा पचत नसे. सालवडच्या चाळीत नवा भाडेकरू आला, की जिवल्या कानाला पेन लावून ग्रामपंचायतीचा माणूस व्हायचा आणि दारात उभा राहून सांगायचा, तुमच्या खोलीत पाणी डाव्या अंगानं येतंय, बादली उजवीकडे ठेवा. एका बाईनं ती बादली वर्षभर उजवीकडे ठेवली होती. कंपनीत तर त्यानं सेफ्टीवाल्या भावेश सरांचा आवाज काढून अख्ख्या शिफ्टला हेल्मेट उलटी घालायला लावली. सर आले तेव्हा डोक्यावर पालथी घमेली घेतल्यासारखी माणसं ओळीनं उभी. सरांनाच हसू आवरेना. पन्नाशीला आलेला माणूस, केमिकलचा ड्रम अंगावर पडल्यापासून डावा पाय फरफटतो, पण अंगात शिमगा कायमचा मुक्कामाला.

ही कला घरची. विक्रमगडच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. तिथं बोहाडा होतो. लाकडी मुखवटे लावून माणसं देव होतात, राक्षस होतात, संबळावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं आणायचं ते ठरलेलं. भोयांच्या घरात वेताळ. बाप महादू वेताळ आणायचा, तो गेल्यावर जिवल्या आणायला लागला. ह्या खेळाचा एकच नियम कडक. सोंग जिथं चढवलं तिथंच येऊन उतरवायचं. नारळ फोडायचा, मुखवटा जमिनीला टेकवायचा आणि ज्यांनी बघितलं त्यांच्यासमोर आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, मी जिवल्या महादू. म्हणजे आतला माणूस बाहेर आला आणि वरचा गेला. न उतरवलेलं सोंग अंग शोधत फिरतं, असं जुनी माणसं सांगायची. जिवल्या ते ऐकून घ्यायचा आणि त्याच माणसांच्या मागनं जाऊन भॉक करायचा.

तर त्या साली कंपनीत ड्रिल निघाली. एरवी ड्रिल म्हणजे गॅस सुटला, पळा. तारापूरच्या केमिकल कंपन्यांच्या पट्ट्यात त्यासाठी वेगळी ड्रिल लागते असंही नाही. पण ह्या वेळी नवं होतं. गेटवर अतिरेकी शिरला तर काय करायचं. त्यासाठी एक अतिरेकी पाहिजे होता, आणि भावेश सरांना शोधायला लांब जावं लागलं नाही.

"जिवल्या, पण वाटला पायजे हां," सर म्हणाले. "लांबनं बघितला की कळलं पायजे."

म्हणजे कसा, हे जिवल्यानं विचारलं नाही. सरांनीही सांगितलं नाही. तरी दोघांना एकच चित्र दिसलं.

जिवल्या तडक नाक्यावर इदरीसच्या दुकानात गेला. इदरीस शिंपी. जन्म तारापूर गावातला, बापही तिथं शिवायचा. पट्ट्यातल्या निम्म्या कामगारांच्या अंगावरचे युनिफॉर्म त्याच्या मशीनवरनं गेलेले, आणि जिवल्याच्या वेताळाचा काळा अंगरखाही त्यानंच शिवलेला. त्याची एकच गोष्ट बदनाम होती, ती म्हणजे त्याचा शनिवार. कुणीही कापड टाकलं की इदरीस म्हणायचा, शनिवारी ने. तो शनिवार कधी शनिवारी आला नव्हता. जिवल्या त्याला म्हणायचा, तुझा आठवडा शुक्रवारी संपतो काय रे, तुमच्यात शनिवार नसतोच काय? इदरीस म्हणायचा, असतो, पण तुझं कापड बघून पळून जातो.

"तुझा जुम्म्याचा झब्बा दे," जिवल्या म्हणाला. "आणि जाळीची टोपी. आणि तो चौकड्याचा रुमाल."

इदरीसच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यानं एकेक काढून उशीला टोचली. "कशाला?"

"अतिरेकी होतोय. कंपनीत ड्रिल हाय."

इदरीस हसला. हसता हसता म्हणाला, "मग माझा झब्बा कशाला? अतिरेकी काय कंपनीचा युनिफॉर्म घालून नाय येऊ शकत?"

"मग लोकांना कळंल कसं?"

इदरीस उठला. आत जाऊन झब्बा घेऊन आला. जिवल्याला तो खांद्यात घट्ट होत होता. इदरीसनं उभ्या उभ्या शिवण उसवली, बोटभर जागा केली आणि परत टीप मारली. काम नेहमीसारखं सफाईचं. झब्बा हातात देताना एवढंच म्हणाला, "सोंगाला माझं माप चाललं म्हणजे." जिवल्या खदखदून हसला.

ड्रिल झाली ती शिफ्ट सुटताना, म्हणजे गेटवर जत्रा. जिवल्यानं बोहाड्याच्या पेटीतली काळ्या लोकरीची दाढी लावली, सुताराकडनं लाकडाची बंदूक करून घेतली आणि झाडाआडनं जो निघाला तो असा, की माणसं खरंच पळाली. टीव्हीवर अतिरेकी ओरडताना दाखवतात ते तो ओरडत होता, घशाची शीर फुगवून. गेटसमोर उषाची चहाची टपरी. त्यानं उषाला मानेला धरून ओलीस ठेवलं. सिक्युरिटीवाल्यांनी त्याला पालथा पाडला, टाळ्या वाजल्या, मोबाईलवर फोटो निघाले. भावेश सर म्हणाले, फर्स्ट क्लास. उषा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या हातातली गाळणी जमिनीवर पडली होती आणि ती तिथंच बघत उभी होती.

जिवल्यानं गार्डच्या केबिनमागं जाऊन कपडे बदलले. दाढी आणि बंदूक पिशवीत टाकली; दाढी पुढं पाड्यावरच्या पेटीत परत गेली, बंदूक खोलीवरच राहिली. घरी जाताना त्याच्या मनात आलं, नारळ राहिला. मग स्वतःलाच हसला. कुणासाठी फोडायचा? हे सोंग कुठल्या देवाचं?

झब्बा धुऊन, इस्त्री करून इदरीसला परत दिला. त्या शुक्रवारी इदरीस नेहमीसारखा तो घालून नमाजला निघाला. उषाच्या टपरीपुढनं गेला आणि उषानं गॅस बंद केला. का केला, तिलाही कळलं नाही. चाळीतली पोरं ड्रिल ड्रिल खेळत होती, त्यांनी इदरीसला बघून हात वर केले. इदरीसनं मजा घेतली. "हात खाली करा रे, नायतर काखेचं माप घेईन." सगळी हसली. पुढच्या शुक्रवारी पोरांनी पुन्हा हात वर केले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही केले. हसणं आपोआप कमी होत गेलं, हात मात्र तसेच वर.

आता टपरीवर गप्पा निघायला लागल्या. आधीही निघायच्या, पण आता इदरीस आला की थांबायच्या. भावेश सरांचं म्हणणं, बाबा, सगळे तसे नसतात हे मान्य, पण जे पकडले जातात त्यांची नावं वाच की. कुणी म्हणालं, मग बाकीचे उठून बोलत का नाहीत? कुणी म्हणालं, धर्मातच काही असेल. जिवल्या मध्येच एखादा नवा आवाज काढायचा आणि विषय हसण्यावारी न्यायचा. उषा चहा गाळत राहायची. तिचा भाऊ मुंबईतल्या एका स्फोटात पाय गमावून बसला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिची भीती टीव्हीवरनं आलेली नव्हती.

एकदा भावेश सरांनी इदरीसलाच विचारलं, तुला काय वाटतं? इदरीसनं चहा संपवला, मग बोलला. "ज्यांनी केलं त्यांनी माझ्या अल्लाचं नाव घेऊन केलं. मला म्हाईत हाय. त्यांची चीड मला तुमच्यापेक्षा जास्त येते, कारण ते नाव मी पण घेतो, दिवसातनं कितीदा तरी. हळू घेतो, म्हणून तुमाला ऐकायला नाय येत. आता सांगा, रोज शटर उघडायच्या आधी रस्त्यात उभा राहून ओरडू काय, की तो मी नाय?"

जिवल्याला ह्या वेळी कुठला आवाज काढावा ते सुचलं नाही.

त्याच आठवड्यात त्याला तो पहिल्यांदा दिसला.

सकाळची पाळी दुपारी सुटली होती. नाल्याकडनं तो नेहमीचा पिवळट वास येत होता आणि रस्त्यावर उन्हाचा धूर. पुढं एक माणूस चालला होता. पांढरा झब्बा, जाळीची टोपी. जिवल्यानं हाक मारली, इदरीस. माणूस थांबला नाही. जिवल्या पाय फरफटत जवळ जायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पुढच्याचाही डावा पाय फरफटतोय. खडीवर तोच आवाज, खर्र, खर्र. इदरीसचे दोन्ही पाय धड. पट्ट्यात असा चालणारा एकच माणूस होता, आणि तो मागं उभा होता.

वळणावर माणूस नव्हता. नुसती पत्र्याची भिंत, तिच्यावर ऊन.

जिवल्यानं स्वतःची समजूत घातली, की कुणीतरी माझीच खोडी काढतंय. उलट बरंच वाटलं त्याला, चला, पट्ट्यात वारस तयार झाला. पण मग तो वारंवार दिसायला लागला. टपरीमागं. बस स्टॉपच्या खांबाशी. एकदा कंपनीच्या पत्र्याच्या शेडमागनं त्याचाच आवाज आला, शीर फुगवून ओरडलेला, तेच शब्द. जाऊन बघितलं तर रिकामे ड्रम. वेताळ नाचताना मुखवट्याच्या आतनं बाहेर बघितलं की जग भोकातनं दिसतं, तसं त्याला आता दिवसा-उजेडी दिसायला लागलं. आणि त्या भोकातनं दिसायचा तो इदरीस.

कारण इदरीस बदलला होता. हात खिशाबाहेर ठेवून चालायचा, सगळ्यांना दिसतील असे. पिशवीचं तोंड उघडं. कुणी जवळ आलं की आधीच बाजूला व्हायचा. आणि गंमत अशी, की तेवढी काळजी घेणारा माणूस बघून लोकांना जास्तच संशय यायचा. शुक्रवारी तो आता पँट-शर्टवर जायचा, टोपी खिशात घडी करून. मशिदीच्या दारात घालायचा, दारातच काढायचा. बायकांनी ब्लाउज टाकणं बंद केलं होतं. उषाच्या भाचीचं लग्न होतं, तिचं कापड टपरीच्या फळीखाली पिशवीत पडून होतं. दुसऱ्या शिंप्याकडे टाकवत नव्हतं, इदरीसकडे नेववत नव्हतं.

मग गाळेवाला अंकुशशेठ इदरीसकडे आला. तुझ्यावर माझा भरवसा हाय, म्हणाला, पण गिऱ्हाइकं कुरकुर करतात, आणि गाळा मला पोरीच्या पार्लरला लागणार. येत्या शुक्रवारी रिकामा कर. अंकुशशेठला पोरगी नव्हती. हे इदरीसला माहीत होतं. त्यानं बरं म्हटलं.

जिवल्याला हे कळलं तेव्हा त्यानं सुट्टी टाकली आणि पाड्यावर गेला. आई येसूबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. सोंगांची पेटी तिच्याच ताब्यात असते. जिवल्यानं सगळं सांगितलं, अर्धं हसत, तिचेच हातवारे करत. ती हसली नाही.

"उतरवलं कुठं?" तिनं विचारलं.

"काय?"

"सोंग. चढवलं कंपनीच्या दारात. उतरवलं कुठं?"

"आये, तो काय देव हाय काय? कुठल्या देवाला नारळ फोडू?"

"सोंगाला देव नाय लागत," येसूबाई म्हणाली. "बघणारी माणसं लागतात. त्यांनी चढताना बघितलं, उतरताना बघितलंच नाय. त्यांच्या डोळ्यांत ते अजून नाचतंय. मग ज्याचे कपडे, त्याच्या अंगावर जाणार. दुसरं कुठं जाईल?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि लोकरीची दाढी पेटीतनं काढून त्याच्यासमोर टाकली. "ने ही. परत आणू नको."

गुरुवारी संध्याकाळी जिवल्या दुकानात गेला. इदरीस कात्र्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. झब्बा दे, जिवल्या म्हणाला, उद्या गेटवर जाऊन सोंग उतरवतो, सगळ्यांसमोर. इदरीसनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तू गेटवर उभा राहणार, माझा झब्बा उतरवणार, माझी टोपी उतरवणार आणि नारळ फोडणार. बघणाऱ्याला काय कळंल? कपडे उतरले की माणूस चांगला झाला, असंच ना?"

जिवल्यानं भिंतीला टांगलेल्या झब्ब्याकडे बघितलं.

"वेताळाचा मुखवटा लाकडाचा असतो रे. तो तू खुंटीला लावतोस. हे माझे कपडे हायत. माझा बाप पण मरेपर्यंत असलेच कपडे घालायचा." इदरीस पुन्हा कात्र्या गुंडाळायला लागला. "तिथं टांगलाय. पायजे तर ने. मी आता घालत नाय."

जिवल्यानं झब्बा नेला. जाताना दाराशी खर्र आवाज झाला. त्याच्या पायाचा होता की बाहेरच्या दुसऱ्याचा, त्याला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं अंगावर झब्बा चढवला, टोपी घातली, खांद्यावर रुमाल घेतला आणि चालत निघाला. सालवडचा सगळा रस्ता त्याच्या ओळखीचा. पण पुलाच्या अलीकडे एक बाई त्याला बघून पोराला घेऊन पलीकडच्या बाजूला गेली. रिक्षावाल्यानं दुसरं भाडं घेतलं. गेटवर नवा गार्ड होता. त्यानं जिवल्याच्या पुढच्या सगळ्यांना सोडलं, आणि जिवल्याची डब्याची पिशवी खालपर्यंत उचकून बघितली. भाकरीही उलटून बघितली. जिवल्या एरवी अशा गार्डला आयुष्यभर पुरेल असं काही बोलला असता. आज नाही. तो हात पिशवीपासून लांब, सगळ्यांना दिसतील असे धरून उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर त्याला कळलं, हे इदरीसचे हात आहेत.

पाळी सुटायच्या वेळी तो, सकाळी बाहेर झाडाआड ठेवलेली दाढी, बंदूक आणि नारळ घेऊन, गेटसमोर आला. लोकांनी त्याला ओळखलं आणि एकच आरोळी उठली. आला रे आला, अतिरेकी आला. काहींनी हसत हात वर केले. जिवल्यानं दाढी आणि लाकडी बंदूक जमिनीवर ठेवली. त्यांच्यासमोर नारळ फोडला. मोठ्यानं म्हणाला, "मी जिवल्या महादू भोये. त्या दिवशी मी होतो. ही दाढी माझी, बंदूक माझी, आरडाओरडा माझा. ते इथं ठेवतो. झब्बा माझा नाय. तो इदरीसचा हाय. तो अंगावरच राहील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. भावेश सर पोट धरून हसत होते. जिवल्यानं पुन्हा सांगितलं, तर पुन्हा हसले. बरोबर आहे ना, आयुष्यभर ज्यानं भॉक केलं त्याचं रडणं कोण खरं मानणार? फोटो काढून माणसं पांगली. खोबऱ्याचे तुकडेसुद्धा कुणी उचलले नाहीत.

उषा तेवढी हसली नव्हती. जिवल्या टपरीवर गेला आणि चहा मागितला. तिनं चहा ओतला आणि ग्लास फळीवर ठेवला, लांब.

"हातात दे की, उषाताई."

उषानं ग्लास उचलला. त्याच्याकडे हात पुढं केला. चहा हिंदकळून तिच्या बोटांवर सांडला आणि तिनं ग्लास परत फळीवर ठेवला.

"मला म्हाईत हाय तू जिवल्या हायस," ती म्हणाली. "इदरीस पण मला म्हाईत हाय. माझ्या लग्नातली पोलकी त्यानं शिवली. माझ्या हाताला म्हाईत नाय."

जिवल्या तिच्या हाताकडे बघत राहिला. त्या हातातनं त्या दिवशी गाळणी पडली होती. तिला मानेला धरणारा हात त्याचा होता.

"इदरीस आज चाललाय," तो म्हणाला. "टेम्पो आला असंल."

उषानं ओले हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत होती. मग गॅस बंद केला, फळीखालची पिशवी ओढली आणि टपरी तशीच सोडून चालायला लागली. जिवल्या तिच्या मागनं.

दुकानासमोर टेम्पो उभा होता, इंजिन चालू. मशीन चढलेलं, बांधलेलं. इदरीस शटर ओढत होता. उषानं पिशवीतनं कापड काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. भाचीचं हाय, म्हणाली, पण माप माझं घे, ती माझ्याच अंगाची हाय. आजूबाजूची दुकानं बघत होती. इदरीसनं एकदा टेम्पोकडे बघितलं, एकदा झब्ब्यातल्या जिवल्याकडे. मग गळ्यातली टेप काढली. ती गळ्यात होती हे त्याच्याही लक्षात नसावं.

उषानं हात लांब केला. तिनं डोळे मिटले, पण हात मागं घेतला नाही. इदरीसनं खांद्यापासून कोपरापर्यंत टेप धरली, बोट न लावता. मग तोंडातल्या तोंडात आकडा म्हटला आणि टेप गुंडाळली.

"शनिवारी ने," तो म्हणाला.

म्हणजे कुठनं, हे त्यानं सांगितलं नाही. इथनं, की मशीन चाललं होतं त्या तारापुरातनं. उषानंही विचारलं नाही. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, इदरीसनं त्याला हातानं थांब म्हटलं, आणि थांब म्हणजे किती, तेही सांगितलं नाही.

जिवल्या झब्ब्याच्या बाहीनं तोंड पुसत बाजूला उभा होता. खांद्यातली उसवून मारलेली टीप त्याला काचत होती. त्यानं सहज वळणाकडे बघितलं. पत्र्याच्या भिंतीशी, उन्हात, तो उभा होता. पांढरा, डावा पाय जरा मागं. वाट बघितल्यासारखा. म्हणजे गेला नव्हता. नारळ फोडूनही गेला नव्हता.

जिवल्यानं नजर काढून घेतली, तर इदरीसही तिकडेच बघत होता. बरोबर त्याच जागी.

"तुला पण दिसतो?" जिवल्यानं हळूच विचारलं.

इदरीसनं टेप परत गळ्यात घातली.

"मला?" तो म्हणाला. "मी तर त्याला लहानपणापासून बघतोय. तुला आत्ता दिसायला लागला."